वीस तारखेच्या अलीकडे

“काका, तुमची मार्चची बिलं आम्हाला दिसत नाहीत.”

२०२२ सालचा एप्रिल. दुपारची वेळ. लेथवर ईएन-८चा शाफ्ट लावला होता, शेवटचा कट चालू होता, आणि फोन आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून होता. मला वाटलं, बिलं त्यांच्याकडे गहाळ झाली. म्हटलं, “माल उतरताना तुमच्याच गेटवर शिक्के मारून घेतलेत. माझ्याकडे पोच आहे.” पलीकडचा मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, “कागद आहेत हो काका. २बीत नाहीत. साहेबांनी टॅक्सची रक्कम थांबवायला सांगितलीय.”

मी मशीन थांबवलं. फिनिशिंगचा कट मध्येच थांबवला की जॉबवर तिथं चरा उठतो. टर्नरनं हे करायचं नसतं. पण बिलं का दिसत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना हात स्थिर राहीना.

मी तारीख चुकवली होती. विसरलो नव्हतो, चुकवली होती. हा फरक मला सांगायचा आहे, कारण कराच्या तारखांबद्दल आमच्यासारख्यांना जो सल्ला मिळतो तो सगळा लक्षात ठेवण्याचा असतो. मोबाइलवर गजर लावा, डायरी ठेवा, वेळेत कागद पाठवा. तारखा आम्हाला पाठ असतात. महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विकलेल्या मालाच्या बिलांची यादी. तीच चौदाला गिऱ्हाइकाच्या २बीत दिसते. वीस तारखेला ३बी, म्हणजे प्रत्यक्ष कर. ३० जूनला व्यवसाय कराचे अडीच हजार. १५ मार्चच्या आत आगाऊ आयकर. घरच्या कालनिर्णयवर बायको दुधाचे खाडे लिहिते, तशी वर्कशॉपमधल्या कालनिर्णयवर मी या तारखांभोवती लाल गोल करतो. जानेवारीतच बाराही पानं करून टाकतो. वीस तारीख येणार हे एक तारखेला माहीत असतं. त्या दिवशी खात्यात पैसे असतील का, एवढंच माहीत नसतं.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात. या गल्ल्यांतून एके काळी ऑइल इंजिनं शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत गेली. आता बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग करतात. आयटीआय झाल्यावर अकरा वर्षं मी याच भागात दुसऱ्यांच्या लेथवर उभा राहिलो. २००९ साली, ज्यांच्याकडे शिकलो त्या मालकांनी वयामुळे काम बंद केलं आणि त्यांचा शेपर मला निम्म्या किमतीत दिला. “पैसे जमतील तसे दे,” म्हणाले. कर्ज काढून एक जुना लेथ घेतला. शेपर ही माझी पहिली स्वतःची मशीन. पुढेमागे सरकणारा तो रॅम, त्याचा तो संथ ठेका, अजून झोपेत ऐकू येतो.

तेव्हा व्हॅट होता. आमच्यासारख्या लहान नोंदणीधारकांना रिटर्न सहा महिन्यांनी. दीड कोटीच्या आतल्या लहान उद्योगाला एक्साइज माफ, त्यामुळे ते खातं आमच्या दारात कधी आलं नाही. हिशेब लिहिणारे काका महिन्यातून एकदा यायचे, बिलांची चळत पिशवीत घालून न्यायचे. त्यांचं ऑफिस शाहूपुरीत. कर म्हणजे काकांचं काम, तारीख म्हणजे काकांची तारीख, अशीच माझी समजूत होती, आणि ती समजूत त्या काळात फारशी महागात पडली नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. पहिल्या ३बीची तारीख २० ऑगस्ट होती. पोर्टल इतकं अडकायला लागलं की ती २५ वर गेली. काका साठीच्या पुढचे. रात्री बारा-एकला त्यांचा फोन यायचा, “आता जरा उघडलंय, ओटीपी येईल, जागा राहा.” मी उशाशी मोबाइल घेऊन पडून राहायचो. त्या वर्षानं काकांना थकवलं. पण त्यांनी एकही तारीख जाऊ दिली नाही, आणि त्या जागरणांबद्दल मी त्यांना कधी नीट धन्यवादही दिले नाहीत हे मनात राहिलं आहे.

दोन वर्षांनी महापूर आला. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, शहर तोडल्यासारखं झालं. उद्यमनगर उंचावर, आम्ही कोरडे राहिलो. काकांचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर मी आणि माझे दोन कामगार फावडी घेऊन गेलो. कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांतल्या फायली फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. बोट लावलं की कागदाचा लगदा निघायचा. काका खुर्चीवर बसून एकच विचारत होते, “जुलैचं कसं भरायचं?” घरातलं अंथरूण-पांघरूण भिजलेला माणूस दुसऱ्यांच्या वीस तारखेची काळजी करत होता. नंतर पूरग्रस्त जिल्ह्यांना जुलैच्या ३बीसाठी २० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. सरकारनं ते केलं, आणि बरं केलं. मुदतवाढ कळल्यावर काकांच्या चेहऱ्यावरचा ताण जसा उतरला तसा मी पाणी उतरतानाही पाहिला नव्हता.

काकांनी पुढच्या वर्षी काम थांबवलं. तेव्हापासून राजारामपुरीतल्या एका मॅडमकडे आमचं काम आहे.

जानेवारी २०२१ मध्ये पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला तिमाही रिटर्नची सोय आली. मला वाटलं, सुटलो. वर्षातून बारा वेळाऐवजी चार वेळा. कर मात्र दर महिन्याच्या २५ पर्यंत चलनानं भरायचाच होता, तरी दम घ्यायला पाच दिवस अधिक. ही सोय जेमतेम एक तिमाही टिकली. कारण मी तीन महिन्यांनी यादी दिली की गिऱ्हाइकाला माझ्या बिलावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे त्यांच्या करातली वजावट, तीन महिन्यांनी मिळणार. त्यांनी स्पष्ट सांगितलं, दर महिन्याला बिलं चढवा, नाहीतर अवघड आहे. मधल्या महिन्यांत तेरा तारखेपर्यंत नुसती बिलं चढवायची वाटही ठेवलेली आहे, पण त्यांना तेवढ्यावर भरवसा नव्हता. मी पुन्हा मासिक झालो. कायद्यानं दिलेली मुभा बाजारानं काढून घेतली. कॉम्पोझिशनचंही तसंच. एक टक्का कर भरून मोकळं व्हायची वाट लहान उत्पादकाला आहे, पण तिथं गिऱ्हाइकाला क्रेडिट मिळत नाही, मग कारखाने आमच्याकडून माल का घेतील?

आता फेब्रुवारी २०२२ कडे येतो.

महिन्याची विक्री साडेनऊ लाखांची झाली होती. त्यावर १८ टक्क्यांनी १ लाख ७१ हजार कर. स्टील, लेथच्या टिपा, कूलंट यांवर आम्ही भरलेल्या कराचं क्रेडिट ८५ हजार. राहिले ८६ हजार, ते २० मार्चपर्यंत रोख भरायचे. या साडेनऊ लाखांतले अर्ध्याहून जास्त ज्या गिऱ्हाइकाचे, त्यानं अजून जानेवारीचेही पैसे दिले नव्हते. म्हणजे जो कर मी त्याच्याकडून घेऊन सरकारला पोचवायचा, तो माझ्या हातात आलाच नव्हता. माल विकणाऱ्याचा कर बिल फाडल्याच्या दिवशी अंगावर येतो. पैसे कधी मिळाले हे त्यात कुणी विचारत नाही.

तरीही मी त्या वेळी भरू शकलो असतो. करंट खात्यात लाखभर होते. पण युक्रेनमध्ये लढाई सुरू झाली आणि स्टीलचा भाव आठवड्याला चढायला लागला. आमचा स्टीलवाला, ज्याच्याशी बारा वर्षांची उधारी, तोही म्हणाला, “या वेळी रोख द्या, पुढच्या गाडीचा भाव मलाच माहीत नाही.” हातात ऑर्डर जुन्या दरानं घेतलेली. बार आज घेतले नाहीत तर तोटा, आणि सहा कामगार बसून. धुळवड अठराला, रंगपंचमी बावीसला, कामगारांना उचल हवी होती. मी कराचे पैसे स्टीलला घातले. जानेवारीचं पेमेंट दोन-चार दिवसांत येईल, मग भरू.

वीस गेली. मॅडमचे दोन फोन आले. मी म्हटलं, “निम्मे भरू का? उरलेले पुढच्या आठवड्यात.” तेव्हा मला कळलं, आणि हे अनेकांना अडकल्यावरच कळतं, की ३बी निम्मी भरता येत नाही. सगळा कर जमा असेल तरच रिटर्न पुढे सरकतं. वाण्याकडे, पतसंस्थेत, स्टीलवाल्याकडे, सगळीकडे माणूस थोडे देऊन थोडे मागे ठेवतो आणि शब्द राखतो. इथं शब्द राखायचा तर पूर्ण रक्कम घेऊनच जावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट अकरा एप्रिलला कळली. मार्चची बिलं चढवायला मॅडम बसल्या तर पोर्टल घेईना. त्याच वर्षी १ जानेवारीपासून नियम बदलला होता: मागच्या महिन्याची ३बी बाकी असेल तर पुढची जीएसटीआर-१ चढवता येत नाही. फेब्रुवारीचा कर अडला म्हणून मार्चची बिलं अडली. बिलं अडली म्हणून चौदा तारखेला गिऱ्हाइकाच्या नावावर तयार झालेल्या २बीत माझं नाव नाही. आणि जे २बीत नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही, हाही त्याच तारखेपासूनचा नियम. त्यांना माझ्या बिलांवरचे ७५,६०० रुपये त्या महिन्यात खिशातून भरावे लागणार होते, तेही आर्थिक वर्ष संपतानाच्या हिशेबात.

दुपारचा तो फोन या सगळ्याच्या शेवटी होता.

राग आला होता. ज्यांनी माझे पैसे तीन महिने दिले नाहीत, त्यांनीच माझा कर अडवावा? पण रात्री जेवताना विचार केला तेव्हा त्या मुलाचं काही चुकलं आहे असं मला वाटेना. त्याच्यासमोर पडद्यावर दोन याद्या होत्या, एकीत मी होतो, दुसरीत नव्हतो. माझी अडचण त्याच्या यादीत दिसत नव्हती, तशीच त्यांच्या उशिराची नोंदही सरकारच्या यादीत कुठेच नव्हती. उशीर दोघांचा, पण पोर्टलला फक्त माझा दिसतो.

बायकोनं काही न बोलता पाटल्या काढून दिल्या. सोनेतारण करून, इकडून तिकडून जमवून २५ एप्रिलला फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही भरले. फेब्रुवारीला छत्तीस दिवस उशीर. दिवसाला ५० रुपयांनी लेट फी १,८००, वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज दीड हजारांच्या आसपास. मार्चचे पाच दिवस वेगळे. एवढंच असतं तर मी हे लिहिलंही नसतं. माझं जानेवारीचं पेमेंट २८ एप्रिलला आलं. माझी बिलं मेच्या चौदा तारखेला त्यांना दिसली, अडवलेले ७५,६०० जूनमध्ये मिळाले. आणि जुलैपासून एका शाफ्टचं काम त्यांनी दुसऱ्या वर्कशॉपला दिलं. मोजमापात कधी तक्रार नव्हती, डिलिव्हरी कधी उशिरा नव्हती. खरेदीचे साहेब मला ओळखून होते, त्यांनी भेटल्यावर एवढंच सांगितलं की अकाउंट्सनं तुमच्या नावापुढं खूण केली आहे. तेरा वर्षं मायक्रोमीटरनं राखलेलं नाव एका तारखेनं खाली आलं.

पाटल्या सुटल्या. शाफ्टचं काम परत आलं नाही.

त्या पावसाळ्यात मी एक निर्णय घेतला आणि तो मला अजून जड वाटतो. शेपर विकला. त्याला फारसं काम राहिलं नव्हतं, मिलिंगवर ते काम लवकर होतं, हे खरं. पण ती मालकांनी दिलेली मशीन. इचलकरंजीकडचा एक जण घेऊन गेला, १ लाख १५ हजार दिले. क्रेननं उचलताना मी बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन उभा राहिलो. ते पैसे मी वेगळं खातं काढून ठेवले. त्यातून स्टील नाही, पगार नाही, घरचं लग्नकार्य नाही. एका महिन्याचा कर तिथं कायम पडून राहील, गिऱ्हाइकाचे पैसे आले की जेवढा उचलला तेवढा परत भरायचा. घरात आम्ही त्याला वीसचं खातं म्हणतो.

पैसे जमले की मी वीसची वाट बघत नाही. आठवड्याला जमेल तसं चलन काढून पोर्टलवरच्या आपल्या रोकड खात्यात टाकतो, दहा हजार, कधी चार हजार. रिटर्न निम्मं भरता येत नाही, पण ही रक्कम थोडी थोडी आधी भरता येते, हे मला पाच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आता तर २०२४ च्या बदलानं अशी आधी जमा करून ठेवलेली रक्कम, रिटर्न उशिरा गेलं तरी, व्याजातून वगळतात. हे माझ्या गल्लीतल्या प्रत्येकाला मी सांगतो. सांगितलं पाहिजे.

त्या खात्याचा खरा उपयोग मला २०२३ च्या दिवाळीआधी झाला, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

ऑक्टोबरात मॅडम आदल्या आर्थिक वर्षाची बिलं ताडून बघत होत्या. एका टिपावाल्याकडून घेतलेल्या मालाचं ११,४०० रुपयांचं क्रेडिट दिसेना. जानेवारी ते मार्चची त्याची बिलं चढलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या, “त्यांचं पेमेंट थांबवा.” ३८ हजार द्यायचे बाकी होते. मलाही क्षणभर तेच बरोबर वाटलं. मग दीड वर्षापूर्वीचा तो फोन आठवला आणि मी फोन न करता त्यांच्या दुकानी गेलो.

शटर अर्धं खाली. काउंटरवर त्यांचा मुलगा, विशीतला. वडील आतल्या खोलीत. पत्नीच्या आजारपणात सहा महिने दवाखान्यात गेले, आणि नंतर त्या गेल्याही. मला हे माहीत नव्हतं. महिन्याला एकदा माल आणायला आमचा पोरगा जायचा, मी गेलो नव्हतो. बिलांची एक प्लॅस्टिकची पिशवी खुंटीला टांगलेली होती, जानेवारीपासूनची. टेबलावर जीएसटी खात्याची नोटीस होती, पाकीट फोडलेलं, आतला कागद तसाच घडी घातलेला. मी म्हटलं, “दादा, उघडून वाचली का?” ते म्हणाले, “काय असणार ते माहीत आहे.”

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी मुदतीचं गणित सांगितलं. मागच्या वर्षाचं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख, असं सगळे म्हणतात. पण त्यांची बिलं माझ्या २बीत यायची तर ती चौदा नोव्हेंबरच्या २बीत आली पाहिजेत, कारण त्यापुढची २बी डिसेंबरात. म्हणजे त्यांनी अकराच्या आत चढवायला हवीत. आणि बारा तारखेला लक्ष्मीपूजन. कागदावरची मुदत तीस, खरी मुदत दिवाळीच्या आत. अशा किती तारखांच्या पोटात दुसऱ्या तारखा दडलेल्या असतात, आणि त्या फक्त हे काम रोज करणाऱ्यालाच दिसतात.

त्यांच्याकडे रोकड नव्हती. माझं देणं ३८ हजार होतं, त्यातले ११,४०० मी त्यांच्या हातात देण्याऐवजी त्यांच्याच जीएसटी नंबरवर चलन काढून भरले, निम्मे सीजीएसटी, निम्मे एसजीएसटी. दुसऱ्याच्या नंबरवर चलन काढायला लॉगिन लागत नाही. उरलेले २६,६०० रोख दिले. शेजारच्या दोन वर्कशॉपनीही आपापली बाकी दिली. पिशवीतली बिलं त्यांच्या मुलानं आणि माझ्या मुलीनं तीन संध्याकाळी बसून लावली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आठ नोव्हेंबरला, त्यांची त्या तिमाहीची बिलं चढली. चौदाला मला दिसली. वीसला क्रेडिट घेतलं.

वीसचं खातं नसतं तर मी तेव्हा २६,६०० रोख देऊ शकलो नसतो, आणि पेमेंट थांबवून मोकळा झालो असतो. अकाउंट्समधल्या त्या मुलासारखाच. तो वाईट नव्हता, मीही नसतो. पण टिपावाल्यांचं शटर मग बहुतेक पूर्णच खाली आलं असतं.

सरकारबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी जिथं बसायला मिळेल तिथं मांडतो. सेवा कर होता तेव्हा वर्षाला ५० लाखांच्या आतल्या एकल मालकांना आणि भागीदारी फर्मना पैसे हातात आल्यावर कर भरायची मुभा होती. म्हणजे ही गोष्ट या देशात झालेली आहे, चालली आहे. माल बनवणाऱ्या लहान वर्कशॉपला ती का असू नये? दुसऱ्या बाजूनं थोडं झालं आहे. २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर मोठ्या कारखान्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही. मार्च २०२४ मध्ये आमच्या गल्लीत जेवढे चेक एकदम आले तेवढे मी कधी पाहिले नव्हते. लोकांनी एकमेकांना फोन करून सांगितलं. पण त्याच महिन्यात एका ठिकाणी मला सुचवण्यात आलं की लघु उद्योग असल्याचा उद्यमचा दाखला फाइलला लावू नका, तुम्हालाच सोयीचं जाईल. मी लावला. उशिरा पैसे दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागायचा हक्क २००६ च्या कायद्यानं आम्हाला दिला आहे, आणि अजून तो एकदाही मागण्याचं धाडस मी केलेलं नाही. ज्याच्याकडून उद्या ऑर्डर हवी त्याच्याकडून आज व्याज कसं मागायचं? माझं हे भय दाखल्यानं जात नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही लेथ, ड्रिल, मिलिंग, सगळ्यांना हळद-कुंकू लावतो, झेंडूचे हार घालतो. मायक्रोमीटर आणि व्हर्नियर पाटावर मांडतो. लेक लहान होती तेव्हा तिनं पाटावर माझा कॅल्क्युलेटरही ठेवला होता. गेल्या वर्षी तिनं हार कॉम्प्युटरलाही घातला आणि मी तो काढला नाही. ती आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी कॉलेजवरून थेट वर्कशॉपमध्ये येते.

कॉम्प्युटरचं टेबल जिथं आहे तिथं शेपर होता. फाउंडेशनचे चार बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले आहेत, मी ते कापले नाहीत. टेबलाचे पाय त्यांच्या आत बरोबर बसले. तिथं बसून ती बिलं चढवते, एकेक नंबर वाचते, मी शाफ्टवरून मान न उचलता हो म्हणतो. शेवटी तिचा आवाज येतो.

“पप्पा, ओटीपी.”

मी कट पूर्ण होऊ देतो. टूल मागे घेतो. हात पुसून मोबाइल उचलतो आणि सहा आकडे मोठ्यानं वाचतो.